बोरीच्या पानातली वाट

सर,

तुमच्या निधनाची बातमी मी लिहिली नाही. आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयातल्या दुसऱ्या कुणीतरी लिहिली. सहा ओळी, आतल्या पानावर, खाली डावीकडे. तिच्यात दोन चुका आहेत. तुम्हाला ‘फुलपाखरांचे अभ्यासक’ म्हटले आहे आणि तुमच्या आयुष्यभराच्या कामाला ‘छंद’. शुद्धिपत्र द्यायचे का, असे मला फोनवर विचारण्यात आले. मी नको म्हणालो. शुद्धिपत्र कोण वाचते, याचा अनुभव आपल्या दोघांनाही आहे.

बातमीत महत्त्वाचे ते पहिल्या परिच्छेदात यावे लागते. इथे ते दुसऱ्यात येत आहे, एवढी सवलत घेतो. बोरीच्या किड्याच्या बातमीचा मथळा मी दिला होता. कार्यालयातल्या संपादकीय डेस्कने नाही. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवर तुम्ही मला विचारलेत आणि मी खोटे बोललो. त्यानंतर तुम्ही पुन्हा विचारले नाही. मीही सांगितले नाही. महिन्यातून दोनदा तरी मी तुमच्याकडे येत होतो, काकूंच्या हातचा चहा पीत होतो आणि पुढच्या खेपेला सांगू असे ठरवून गाडीला किक मारत होतो. आता पुढची खेप नाही.

आपली ओळख दुपारच्या उन्हात झाली. मी घाटनांदूरला नळयोजनेच्या बातमीसाठी आलो होतो. गावाबाहेर बाबूरावांच्या शेताच्या बांधावर एक गावठी बोर होती. तिच्याखाली एक गृहस्थ पान उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून पाहत होते. काय पाहताय, असे मी विचारले. तुम्ही पान माझ्या हातात दिलेत.

“धर. उजेडाकडं धर. काय दिसायलंय?”

“रेघ.”

“कसली?”

“पांढरी. वाकडीतिकडी. मधून काळं गेलंय कायतरी.”

“काळं ती त्याची घाण. आता रेघ संपती तिथं बघ. हालतंय का?”

हलत होते. पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमध्ये एक अळी होती. ती आतला गर खात पुढे सरकत होती आणि मागे वाट सोडत होती. वाढ पुरी झाली की ती पान फोडून खाली पडते, पाल्यात नाहीतर मातीत कोष करते आणि त्यातून तांदळाच्या कणीएवढा पतंग बाहेर येतो. हे सगळे तुम्ही मला त्या बांधावर उभ्या उभ्या सांगितलेत. नळयोजनेची बातमी त्या दिवशी राहिली.

पतंग म्हणजे दिव्यावर येणारे, असा माझा समज होता. तुम्हाला दिव्याचा राग होता. “दिव्यावर आलेल्याचा पत्ता लागत न्हाई. कुठून आला, काय खातो, कायबी कळत न्हाई. पानात सापडला की त्याचं घर कळतं, खाणं कळतं, बारसंबी आपणच करतो.” तुमचे सगळे काम त्यामुळे दिवसा चाले. शाळेत असताना मधल्या सुट्टीत, निवृत्तीनंतर सकाळी नऊ ते एक. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाने, तळाशी ओलसर टिपकागद, तोंडाला काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: ठिकाण, झाड, तारीख, गोळा करणारा. चिठ्ठी नसलेली बाटली तुम्ही ओतून देत होता, आत काहीही असो. “चिठ्ठी न्हाई तर तो किडा न्हाई, कचरा हाय,” असे म्हणायचात. माझ्या धंद्यात याहून नेमके मला कुणी काही शिकवले नाही.

त्या मोठ्या लाकडी पेटीवर तुम्ही निळ्या शाईत एक नाव लिहिले होते: मोनोट्रिशिया. हे नाव आता शास्त्रात चालत नाही, हे तुम्हीच मला सांगितलेत. बहुतेक पतंगांच्या मादीला दोन द्वारे असतात, एक मीलनाचे आणि एक अंडी घालण्याचे. काही थोड्या घराण्यांत दोन्ही कामांना एकच द्वार असते. ती जुनी रचना. तेवढ्यावरून पूर्वीच्या अभ्यासकांनी या सगळ्या घराण्यांचा एक गट केला. पुढे लक्षात आले की ही घराणी एकमेकांची सख्खी नाहीत. इतरांत जे नंतर बदलले ते यांच्यात बदलले नाही, एवढेच त्यांच्यात सारखे. गट मोडला गेला.

मी विचारले होते, “मोडलाय तर पेटीवर नाव कशाला ठेवलंय?”

“बरोबरच मोडला. अमुक एक बदल झाला न्हाई, ही काय ओळख असती का? पण पेटीची वाटणी करायची तर यातल्या एकेकाचं घराणं ठरवावं लागंल. ते ठरलं की खोडतो.”

“तवर चुकीचंच राहणार?”

“तुमच्या पेपरात बीडची बातमी कुठल्या पानावर असती रे? दुसऱ्या कुठल्याच पानात बसत न्हाई त्या पानावर. ते पान चुकीचं म्हणून बंद केलं का तुमी?”

काकू आतून हसल्या.

बांधावरच्या त्या बोरीतून तुम्हाला दोन पतंग मिळाले. दोन्ही नर. डोक्यावर पिवळट केसांचा झुबका, स्पर्शिकेच्या मुळाशी डोळा झाकणारे झापड, पंखावर एकच रुपेरी पट्टा. तुमच्याकडच्या कोणत्याही वर्णनात तो बसत नव्हता. तालुक्यातल्या दुसऱ्या बोरींवरही पानात वाटा मिळत, पण त्यांची वळणे वेगळी होती, आणि त्यातून निघणारा पतंग ओळखीचा होता. हा एकाच झाडावर का, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. ज्या संशोधकांशी तुमचा पत्रव्यवहार होता त्यांनी कळवले की दोन नर पुरेत, पाठवून द्या, वर्णन करू. तुम्ही पाठवले नाहीत.

“नरावरून जात सांगता येईल. घराणं मला मादीवरून बघायचंय. एकच द्वार हाय का दोन, हे मपल्या डोळ्यांनी बघितल्याबिगर मी सही करणार न्हाई.”

“सर, ते लोक बघतील की.”

“ते बघतील. मी कवा बघू?”

मादी मिळेपर्यंत थांबायचे असे तुम्ही ठरवलेत. मला ते पटले नाही. तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि डाव्याचा भरवसा नव्हता. कणीएवढ्या किड्याचे पोट पोटॅशच्या पाण्यात उकळून, सुईने उघडून काचपट्टीवर पसरायचे काम तुम्ही अजून किती वर्षे करू शकाल, याचा अंदाज मी बांधला होता. तुम्हाला कुणी ओळखत नव्हते. गावात तुम्ही ‘किडे मास्तर’ होता. बातमी आली तर कुणीतरी येईल, कॅमेरा घेऊन येईल, त्या दबावाखाली तुम्ही ते दोन नर पाठवाल, असा माझा विचार होता. तुम्हाला न विचारता मी बातमी पाठवली.

मजकूर बरोबर होता. तुम्हीही तो तपासून पाहिलात आणि एकाच शब्दावर बोट ठेवलेत. मी ‘आदिम पतंग’ लिहिले होते. “आजचा जिता किडा आदिम कसा बे? त्याची एक गोष्ट जुनी हाय. बाकी समदा तो आजचाच हाय, तुझ्यामाझ्यासारखा.” यावर आपण नंतरही वाद घातला. वाचकाला कळावे म्हणून शब्द थोडा सैल करावा लागतो, असे मी म्हणत होतो. तुम्ही म्हणत होता की सैल शब्द वाचकाच्या हातात गेला की तो त्याचे काय करील ते आपल्या हातात राहत नाही. तुम्ही हे त्या बातमीनंतर म्हणालात. मथळ्याचा उल्लेख केला नाहीत.

मथळा होता: ‘बोरीच्या पानात नवी कीड, घाटनांदूरच्या शिक्षकाचा शोध’.

‘पतंग’ लिहिले असते तर बातमी कृषी पानावर गेली नसती. ‘कीड’ लिहिले की जाते. कृषी पान जिल्ह्यात सगळ्यात जास्त वाचले जाते आणि पारावर मोठ्याने वाचून दाखवले जाते. हे मला पक्के माहीत होते, म्हणूनच मी तो शब्द निवडला. मजकुरात खाली, चौथ्या परिच्छेदात, हा पतंग पिकाला उपद्रव करत नाही असे स्पष्ट लिहिले होते. चौथ्या परिच्छेदापर्यंत कोण वाचतो, तेही मला माहीत होते.

तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. “गाडी घेऊन ये,” एवढेच बोललात. मी आलो. बांधावर बोर नव्हती. बुंधा गुडघ्याएवढा उरला होता. खालचा पाला गोळा करून पेटवला होता, राख अजून गरम होती. बांधालगत बाबूरावांची उमराण जातीच्या बोरांची बाग आहे. तिच्यात दोन गडी पाठीवर पंप घेऊन फवारणी करत होते. तोडलेल्या फांद्या बाबूरावांनी शेळ्यांपुढे टाकल्या होत्या आणि शेळ्या काटे चुकवून पाने खात होत्या. त्या पानांत वाटा होत्या. उभ्या जागेवरून मला दिसत होत्या, कारण पाहायला तुम्हीच शिकवले होते.

बाबूराव खुशीत होते. “या मास्तर! पेपरात नाव आलंय तुमचं, लई मोठं काम केलं. आमाला पत्ताच नव्हता, कीड मपल्याच बांधावर बसलीय म्हणून. येरवाळीच तोडली बगा. बाग वाचंल.”

मी बोलायला तोंड उघडले. तुम्ही माझ्या मनगटाला धरलेत. मग एका शेळीकडे पाहत म्हणालात, “बोरीचा पाला शेळ्यांना बरा असतो.”

“लई आवडीनं खात्यात,” बाबूराव म्हणाले.

तुम्ही शेळ्यांच्या मधून वाकून काही पाने वेचलीत. घरी आणून बाटलीत ठेवलीत. ती उन्हात कोमेजलेली होती, आतल्या अळ्या मेल्या होत्या. त्यांतून काहीही निघाले नाही.

परतताना, रेल्वे फाटकाशी थांबलो असताना, तुम्ही मागून विचारलेत, “मथळा कुणी दिला बे?”

“डेस्कनं.”

“बरं.”

फाटक उघडले आणि मी गाडी पुढे काढली.

आठवड्याने शुद्धिपत्र छापून आले. तीन ओळी, कृषी पानावर नाही, कारण तिथे जागा नव्हती. बाबूरावांनी ते वाचले नाही. दुसऱ्या कुणी वाचले असेल याचाही पुरावा माझ्याकडे नाही. तुम्ही ते कात्रीने कापलेत आणि म्हणालात, “चला, एकजण तरी वाचणारा निघाला.”

त्यानंतर दोन वर्षे आपण बोरी पाहत फिरलो. नांदूरघाटच्या माळावर, माझ्या गावाकडे, पार उमापूरपर्यंत. मी गाडी चालवत होतो, तुम्ही मागे बसून डाव्या डोळ्याने झाडे हेरत होता. उजवा तोवर गेला होता. शस्त्रक्रियेनंतरही त्याला सुई आणि काचपट्टी दिसत नव्हती. पाने तोडून तुमच्या हातात द्यायचे काम माझे. तुम्ही उजेडाकडे धरून म्हणायचात, “ह्ये न्हाई.” मी दुसरे द्यायचो. “ह्येबी न्हाई.” उमापूरला एका मेंढपाळाने आपल्याला विचारले होते, काय हरवलंय का? तुम्ही म्हणालात, “व्हय. बाईमाणूस हरवलंय, तांदळाच्या कणीएवढं.” तो माणूस मेंढरे आवरून लांब सरकला. त्या दिवशी आपण दोघेही खूप हसलो, आणि हसता हसता मी सांगून टाकावे असे मला वाटले. मी गाडीत पेट्रोल आहे का ते पाहिले.

माझ्यासारख्या माणसाला तुम्ही इतक्या दिवसांचे उन्हातले फिरणे दिलेत, पाहायला शिकवलेत, एकदाही हिशोब विचारला नाहीत. याबद्दल आभार मानायचे तर आधी ती गोष्ट सांगायला हवी होती. म्हणून आभारही राहिले.

काल दहाव्याचे आवरल्यावर काकूंनी मला आत बोलावले. पेटी खाटेवर ठेवली होती. “ह्याचं काय करू? नात म्हणली कालेजात देऊ. तिथल्या माणसानं इचारलं, यादी हाय का? यादी ह्यांच्या डोक्यात होती.” मी पेटी उघडली. वर निळ्या शाईतले नाव तसेच होते, खोडलेले नव्हते. कोपऱ्यात ते दोन नर, त्यांच्याखाली चिठ्ठी: घाटनांदूर, बोर, तारीख, गोळा करणारा तुम्ही. दुसऱ्या चिठ्ठीवर तीन शब्द: मादी मिळाली नाही.

मग काकूंनी वही दिली. मी त्या दिवसाचे पान काढले. तुमच्या अक्षरात लिहिले होते: “बांधावरचे झाड तोडले. पाला जाळला. पाने शेळ्यांनी खाल्ली. कारण: बातमी.” खाली शुद्धिपत्राचे कात्रण डकवले होते. मथळा कुणाचा, याबद्दल ओळ नव्हती. मी पुढची पाने पाहिली. मागची पाहिली. तुम्हाला ठाऊक होते की नव्हते, हे वहीवरून ठरवता येत नाही. पुराव्याअभावी ठरवू नये, हे तुम्हीच सांगत होता.

“काय हुडकायलास?” काकूंनी विचारले.

“काही नाही, काकू.”

“तुझ्यावर लई जीव होता त्यांचा,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या आठवड्यात म्हणायचे, पत्रकार आला का? त्याला कायतरी सांगायचंय म्हणून. न्हाईतर त्यालाच मला कायतरी सांगायचं असंल, असंबी म्हणायचे. औषधाच्या गुंगीत बोलत असतील. मला काय कळलं न्हाई.”

शेवटच्या आठवड्यात मी बीडला होतो. जिल्हा परिषदेची सभा होती. नंतर येऊ असे म्हणालो होतो.

आज सकाळी बांधावर गेलो. बोरीचा बुंधा फुटलेला आहे. मनगटाएवढ्या चार फांद्या आल्या आहेत, माणसाच्या उंचीच्या. दोन वर्षे आपण जिल्हाभर फिरलो, इथे मात्र तुम्ही पुन्हा पाय ठेवला नाहीत, आणि मीही तुम्हाला घेऊन आलो नाही. मी एकेक पान उजेडाकडे धरून पाहिले. वरून खाली, एकही फांदी न सोडता, क्रमाने, तुम्ही करत होता तसे. दीड तास लागला. एकाही पानात वाट नव्हती.

बागेतून बाबूराव आले. डोक्याला मफलर होता. तुमचे कळल्यावर वाईट वाटले, म्हणाले, मातीला आलतो. मग विचारले, “काय बघायलाव पत्रकार सायब?”

“ती कीड आहे का ते.”

“छे! एकबी न्हाई राह्यली,” ते हात उडवून म्हणाले. “दरसाल फवारतो. ह्या फुटव्यावरबी मारतो, न चुकता. मास्तरांनी सांगितलं, तुमी छापलं, म्हणून कळलं आमाला. न्हाईतर बाग गेली असती बगा. लई उपकार झाले तुमचे.”

त्यांना चौथा परिच्छेद सांगण्याची ही दुसरी संधी होती. या वेळी मनगट धरायला कुणी नव्हते.

“बरं झालं,” मी म्हणालो.

त्यांनी थांबायला सांगितले. बागेत गेले आणि एक पिशवी भरून बोरे घेऊन आले. नको म्हटले तरी गाडीच्या हँडलला अडकवली. “एक घ्या मास्तरांच्या घरी, आन एक तुमाला,” म्हणून दुसरी भरून आणली. मी दोन्ही घेतल्या. एक काकूंना दिली, कुणी दिली ते सांगितले, का दिली ते सांगितले नाही. दुसरी माझ्यासमोर टेबलावर आहे. मोठी, पिवळी, एकसारखी बोरे, एकावरही डाग नाही. मी दोन खाल्ली. गोड आहेत.